भोवत्या, चिंकारा आणि पाच गुंठे

सकाळी गरुड-ससाणे बघायचे आणि दुपारी प्लॉट. एका गाडीत चौघं, दोन दुर्बिणी आणि एक चेकबुक. पुण्यापासून दीड-दोन तासांवर, सुप्याच्या माळावर घालवलेला थंडीतला एक शनिवार.

डिसेंबरातला शनिवार आणि पहाटेचे पावणेपाच. अशा वेळी शहाणी माणसं काय करतात? दुलई डोक्यावरून ओढून घेतात. शुक्रवारी रात्री साडेदहापर्यंत क्लायंट कॉलवर बसलेली माणसं तर नक्कीच. आणि आम्ही? आम्ही मगरपट्टा चौकात कानटोप्या घालून, हात काखेत दाबून उभे होतो. आमचा चौथा मेंबर अजून यायचा होता.

प्लॅन ठरला होता ऑफिसातल्या कॉफी मशिनसमोर. आम्ही नवरा-बायको एकाच कंपनीत, वेगवेगळ्या मजल्यांवर. नवऱ्याच्या टीममध्ये एक पक्षीवाला आहे. प्रत्येक ऑफिसात असा एक असतोच. मीटिंग चालू असताना ज्याची नजर खिडकीबाहेर असते आणि ‘मोड्यूल कधी देतोस?’ या प्रश्नावर जो ‘शिक्रा!’ असं उत्तर देतो, तो. थंडी सुरू झाली की त्याचे वीकेण्ड बुक. ‘सुप्याला जातोय, हॅरिअर आलेत’ हे वाक्य तो बोलला आणि नवऱ्याचे कान टवकारले. पक्ष्यांसाठी नव्हे. सुपे या नावासाठी. कारण आदल्याच आठवड्यात आमच्या डायनिंग टेबलवर एक गुळगुळीत ब्रोशर येऊन पडलं होतं. निसर्गाच्या सान्निध्यात एनए प्लॉट, पाच गुंठे, तारेचं कंपाउंड, क्लब हाउस, टोकन फक्त ५१ हजार. रविवार संध्याकाळपर्यंत टोकन दिलं तर जुना रेट.

मग काय, सकाळी पक्षी, दुपारी प्लॉट. पेट्रोल एकाच्या खर्चात दोन कामं. नवरा खूश.

चौथी मेंबर म्हणजे नवीन जॉइन झालेली नागपूरकर. तिला कुठेही न्या, ती आधी सांगते, ‘आमच्याकडे ताडोबा आहे.’ ती पाच वाजून दहा मिनिटांनी आली, गाडीत बसली आणि विचारलं, ‘वाघ आहे का तिथे?’

‘नाही.’

‘मग काय आहे?’

‘गवत,’ पक्षीवाला म्हणाला.

नव्वद टक्के घारच

सोलापूर रोडने लोणी काळभोर, उरुळी कांचन, यवत असं जात चौफुल्याला उजवीकडे वळायचं. चौफुला म्हटल्यावर पुण्यातल्या मागच्या पिढीतले काका लोक एकमेकांकडे बघून का हसतात, हे ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. आम्ही तिथे फक्त चहा प्यायलो. टपरीवाल्याने शेकोटी केली होती, तिच्याभोवती ऊसवाहतुकीचे दोन ड्रायव्हर बसले होते. आम्ही जरा जागा मागून घेतली.

शिकारी पक्षी बघणं हा प्रकार आपल्यासारख्या आळशी ऑफिसवाल्यांसाठीच काढलाय, असं माझं आता ठाम मत आहे. छोटे पक्षी बघायचे तर झुडपात डोळे ताणत बसावं लागतं, आणि ‘तो बघ, तो बघ’ म्हणेपर्यंत तो उडालेला असतो. ससाणे, घारी, गरुड मात्र विजेच्या खांबावर नाहीतर एकट्या बाभळीच्या शेंड्यावर निवांत बसतात. थंडीत तर जास्तच. कारण त्यांना हवेत तरंगायला गरम हवेचे झोत लागतात, आणि ते ऊन चढून जमीन तापल्याशिवाय तयार होत नाहीत. त्यामुळे नऊ-साडेनऊपर्यंत ही मंडळीही आपल्यासारखीच, सोमवारी सकाळच्या मूडमध्ये. पंख फुगवून, मान आत घेऊन बसलेली.

पक्षीवाल्याचा पहिला नियम साधा होता. ‘आकाशात मोठं काही दिसलं की आधी घार म्हणायचं. नव्वद टक्के वेळा बरोबर येतं.’ घारीची शेपटी दुभंगलेली असते, माशाच्या शेपटीसारखी. ती दिसली की विषय संपला. नाही दिसली तर गाडी थांबवायची.

पहिल्यांदा गाडी थांबली ती तारेवरच्या एका पांढऱ्या ठिपक्यासाठी. कापशी. कावळ्याएवढीच, पण राखी-पांढरी, खांद्यावर काळा डाग आणि डोळे लालभडक. दुर्बिणीतून ते डोळे पहिल्यांदा बघितले आणि खरं सांगते, मी दचकले. असं वाटलं की रात्रभर रिलीजवर बसलेला कोणी तरी माझ्याकडे बघतोय. कापशी उडाली, थोडी पुढे जाऊन हवेत एकाच जागी पंख फडफडवत थांबली, पाय खाली सोडले आणि धपकन गवतात. वर आली तेव्हा पंजात उंदीर. एक अख्खा ब्रेकफास्ट, जेमतेम दीड मिनिटात. नागपूरकर म्हणाली, ‘ठीक आहे.’ ती तेव्हा अजून इम्प्रेस झाली नव्हती.

पाच चौरस किलोमीटर

मयूरेश्वर अभयारण्य हे नाव मोरगावच्या गणपतीवरून पडलं. अभयारण्य म्हटल्यावर डोळ्यापुढे जे उभं राहतं, तसलं इथे काहीही नाही. १९९७ मध्ये जाहीर झालेलं हे अभयारण्य आहे फक्त ५.१४ चौरस किलोमीटरचं. म्हणजे पुण्यातली दोन-तीन मोठी उपनगरं याच्यापेक्षा मोठी निघतील. उघडा माळ, सोनेरी वाळलेलं गवत, मधे मधे बोरी-बाभळी आणि लहानसे उंचवटे. गेटवर नोंद करायची, फी भरायची आणि आतल्या कच्च्या वाटांवरून गाडीतूनच हळूहळू फिरायचं.

हे अभयारण्य आहे मुख्यतः चिंकाऱ्यासाठी. आणि चिंकारा दिसायला इथे नशीब वगैरे फारसं लागत नाही. आम्हाला गेटपासून थोड्याच अंतरावर पाच दिसले. गवताच्याच रंगाचे. आधी दिसतच नाहीत. मग एकाची शेपटी हलते, काळी, सारखी हलणारी, आणि एकदम लक्षात येतं की अरे, हे सगळे मघापासून आपल्याकडेच बघतायत. नर आणि मादी दोघांनाही शिंगं असतात, मादीची बारीक. पिण्याच्या पाण्यावाचून ते बरेच दिवस काढू शकतात. पाल्यातून आणि पहाटेच्या दवातून हवं तेवढं पाणी मिळवतात. पावसाच्या छायेतल्या या टापूत राहायचं तर दुसरा इलाजही नाही.

गंमत म्हणजे चिंकाऱ्याला अभयारण्याची हद्द माहीत नसते. संध्याकाळी तो सरळ बाहेर शेतात जातो, सकाळी परत येतो. लांडगा, खोकड, तरस यांचंही तसंच. पाच चौरस किलोमीटरमध्ये लांडग्याचं एक कुटुंबही मावणार नाही. म्हणजे हा सगळा संसार चालतो तो अभयारण्याच्या बाहेर. गायरानं, पडीक शेतं, वनखात्याचे विखुरलेले तुकडे, खासगी माळ यांच्यावर. हे वाक्य पक्षीवाला अगदी सहज बोलून गेला. मी नवऱ्याकडे पाहिलं. तो खिडकीतून चिंकाऱ्याचे फोटो काढत होता.

अभयारण्याच्या एका कोपऱ्यात ओळीत लावलेली झाडं दिसली. मी म्हटलं, ‘वा, इथे तरी कोणी झाडं लावली.’ पक्षीवाल्याने असा चेहरा केला की जणू मी पुरणपोळीवर केचप मागितलं. मग दहा मिनिटं लेक्चर. माळरान म्हणजे झाडं तोडलेलं जंगल नव्हे. ते तसंच असतं, हजारो वर्षांपासून. त्याचं ऊन, त्याचं मोकळेपण हीच त्याची श्रीमंती. जमिनीवर घरटं करणारी टिटवी, चंडोल, धाविक यांना लांबवर दिसायला हवं असतं. तिथे गिरिपुष्प किंवा सुबाभूळ लावली की सावली येते, गवत मरतं, आणि शत्रूला दडायला जागा मिळते. पण सरकारी दप्तरात अशी जमीन वर्षानुवर्षं ‘पडीक’ म्हणून मोजली गेली. पडीक म्हटलं की प्रत्येकाला तिथे काही तरी करावंसं वाटतं. कोणाला झाडं लावावीशी वाटतात, कोणाला सोलर प्लांट, कोणाला बंगले.

आता एक कबुली. दोन वर्षांपूर्वी आमच्या सीएसआर टीमबरोबर मी स्वतः अशाच एका माळावर झाडं लावून आले होते. हिरवा टी-शर्ट, ग्रुप फोटो, समोसे, सगळं. माझ्या नावाची पाटी असलेलं झाड होतं एक. ते जगलं असेल तर आज तिथल्या चंडोलाची मी माफी मागते.

कझाकस्तानचा पाहुणा

हॅरिअर दिसला तो अभयारण्याबाहेर, सुप्याच्या रस्त्यापासून आत गेलेल्या एका गाडीवाटेवर.

मराठीत याला भोवत्या म्हणतात, आणि ज्याने कोणी हे नाव ठेवलं त्याने तासभर तरी त्याला बघितलं असणार. कारण तो तेच करतो, माळावर भोवती भोवती फिरतो. गवताच्या शेंड्यांपासून हात-दोन हात उंचीवर, पंख इंग्रजी व्ही अक्षरासारखे वर धरून, डावीकडे कलंडत, उजवीकडे कलंडत, अजिबात घाई नाही. आमच्या समोरचा नर होता, मॉन्टेग्यूचा भोवत्या. वरून राखाडी, पंखांची टोकं शाईत बुडवल्यासारखी काळी. तो आमच्या दिशेने आला, गाडीपासून वीसेक फुटांवरून गेला आणि जाताना मान वळवून बघितलं. त्याचा चेहरा थोडा घुबडासारखा असतो, चपटा, गोल. त्या गोल चेहऱ्यामुळे त्याला गवतातली खुसफूस नीट ऐकू येते. म्हणजे तो नुसता बघत नसतो, ऐकत पण चाललेला असतो.

गाडीत कोणीच बोललं नाही. मग मागच्या सीटवरून आवाज आला, ‘बाप रे.’ ताडोबावालीचा.

हे पक्षी उन्हाळ्यात कझाकस्तान आणि आसपासच्या गवताळ प्रदेशात घरटी करतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये भारतात येतात, मार्च-एप्रिलमध्ये परत जातात. हजारो किलोमीटर उडून इथे येऊन खातात काय? मुख्यतः नाकतोडे आणि टोळ. जोडीला छोटे पक्षी, सरडे, उंदीर. गरुडासारखा दिसणारा रुबाबदार पक्षी आणि खातो नाकतोडे, हे ऐकून नवरा थोडा नाराज झाला. पण शेतकऱ्याच्या बाजूने बघा. पिकावरचे टोळ खायला इतक्या लांबून फुकट येणारा हा माणूस दुसरा कोण आहे?

आणि झोपायचं कुठे? तर जमिनीवर. गरुड-ससाणे म्हणजे कड्यावर नाहीतर उंच झाडावर झोपणारे, असा आपला समज. भोवत्या पक्षी मात्र संध्याकाळी एका ठरावीक गवताच्या पट्ट्यात गोळा होतात आणि जमिनीवर, गवताच्या आडोशाला रात्र काढतात. गुजरातमध्ये भावनगरजवळच्या वेळावदरला, काळविटांसाठी प्रसिद्ध असलेल्या राष्ट्रीय उद्यानात, जगातल्या सर्वांत मोठ्या अशा रात्रथाऱ्यांपैकी एक आहे. बंगळुरूच्या ‘एट्री’ या संस्थेचे संशोधक अशा जागा शोधून पक्षी मोजतायत, काही पक्ष्यांना त्यांनी सॅटेलाइट टॅगही लावले. एक गोष्ट सगळीकडे सारखी. त्यांना उंच, वाळलेलं, कोणी न कापलेलं, न जाळलेलं गवत लागतं. आणि शांतता.

‘त्याचा वाटा’

साडेदहाच्या सुमाराला डबे उघडले. मेथीचे पराठे, ठेचा, नागपूरकरच्या आईने पाठवलेली संत्र्याची बर्फी. तेवढ्यात चाळीसेक मेंढ्या आणि त्यांच्यामागे एक आजोबा आले. डोक्याला लाल मुंडासं, खांद्यावर घोंगडी.

खरं तर दिवाळी झाली की इकडचे धनगर वाडा घेऊन घाट उतरतात, कोकणात जातात. ‘पोरं गेल्यात समदी,’ आजोबा म्हणाले. ‘माजं गुडघं ऱ्हायलं न्हाईत. म्हनून ही थोडी घिऊन हितंच.’ आम्ही पराठा पुढे केला. त्यांनी घेतला, खाली बसून खाल्ला आणि मग विचारलं, ‘काय बघताय?’

‘पक्षी, आजोबा.’

‘पक्षी!’ असं म्हणून ते खूप वेळ हसले.

लांडग्याचा विषय नागपूरकरनेच काढला. येतो का इकडे? ‘येतो की. त्येचं घर हाय, यील न्हाई तर काय.’ मेंढरू नेतो? ‘नेतो. वर्साला दोन-चार. त्येचा वाटा हाय त्यो.’ राग नाही येत? आजोबांनी तिच्याकडे बघितलं. ‘येतो ना ताई. न यायला काय झालं? पर लांडगा एक नेतो. गावची मोकाट कुत्री आली की धा फाडत्यात आन टाकून जात्यात.’

भारतात लांडगे किती उरलेत याचा अंदाज साधारण तीन हजारांच्या आसपास येतो. वाघांचा आकडा २०२२ च्या गणनेत ३,६८२ होता. म्हणजे ज्याला बघायला आपण हजारो रुपये भरून जीप बुक करतो तो वाघ, आणि ज्याच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही तो लांडगा, दोघांची संख्या जवळपास सारखी. फरक इतकाच की वाघाला व्याघ्रप्रकल्प आहेत, आणि लांडगा मुख्यतः आजोबांच्या मेंढरांवर आणि त्यांच्या मनाच्या मोठेपणावर जगतोय.

उठताना आजोबांनी काठीने पलीकडच्या टेकाडाकडे दाखवलं. उन्हात तारेचं कुंपण चमकत होतं. ‘त्या तारा झाल्या आन आमची पान्याची वाट ग्येली. आता वळसा घालून जावं लागतं. पलाट पाडल्यात.’ मग नवऱ्याकडे वळून म्हणाले, ‘तुमी बी पलाटच बघाया आला का?’

‘नाही नाही,’ नवरा म्हणाला. ‘पक्षी बघायला.’

खोटं नव्हतं. पण तो माझ्याकडे बघत नव्हता.

कंपाउंडच्या आत

दुपारी आकाश जागं झालं. जमीन तापल्यावर सगळी मंडळी वर चढली. एक सापमार गरुड हवेत एका जागी थांबून खालचा माळ स्कॅन करत होता. कापशी करते तेच, पण या आकाराच्या पक्ष्याने केलं की अंगावर काटा येतो. शिवाय दोन घारी, दूरवर एक पिंगट गरुड, आणि पक्षीवाला ज्याला ‘बहुतेक स्टेप ईगल, पण मी शपथेवर सांगणार नाही’ म्हणाला असा एक ठिपका. तुरुमती दिसेल अशी त्याला फार आशा होती. नाही दिसली. लांडगाही नाही दिसला. वाळूत पायाचे ठसे होते, ते लांडग्याचे की कुत्र्याचे यावर पाऊण तास वाद झाला आणि तो अजून मिटलेला नाही.

चार वाजता आम्ही साइटवर. सेल्सवाला मुलगा जवळच्याच गावचा, बी.कॉम. झालेला, अतिशय अदबीचा. त्याने पाणी दिलं, गोल्फ कार्टसारख्या गाडीत बसवलं आणि फेज वनमधून फिरवलं. सिमेंटचे रस्ते, दोन्ही बाजूंना ठिबकवर लावलेली कोवळी झाडं, एक कारंजं, आणि कंपाउंडला नवी कोरी जाळी. ‘काही येत नाही सर आत. पूर्वी जनावरं यायची. आता टोटल सेफ.’

‘आधी काय होतं इथे?’ मी विचारलं.

‘काहीच नव्हतं मॅडम. नुसता माळ.’

आता नवऱ्याची बाजू सांगायलाच हवी, नाहीतर हा लेख लबाड होईल. त्याच्या आजोबांची दोन एकर जमीन होती, कोरडवाहू. त्याच्या इंजिनीअरिंगच्या फीसाठी ती विकली गेली. घरात कोणी कधी बोलून दाखवलं नाही, पण सासरे फोनवर पाऊसपाण्याची चौकशी अजून करतात, जमीन नसताना. पाच गुंठ्यांत काय पिकणार? काही नाही. पण सातबाऱ्यावर नाव लागेल. सासऱ्यांना एकदा तिथे नेऊन खुर्ची टाकून बसवायचं, एवढंच त्याच्या डोक्यात. त्यासाठी त्याने दोन वर्षं बोनस बाजूला ठेवला होता. ज्याने सातव्या मजल्यावरच्या वन बीएचकेचा ईएमआय भरलाय त्याला मातीची ओढ म्हणजे काय ते कळेल.

आमचा प्लॉट फेज टूमध्ये होता. तिथे अजून काहीच झालं नव्हतं. चुन्याच्या रेघा, नंबर लिहिलेले दगड आणि कमरेएवढं गवत. आमचा दगड शोधून आम्ही त्याच्यावर बसलो. सूर्य खाली आला होता. खरंच सुंदर जागा होती, ब्रोशरमध्ये त्याबाबत खोटं काही लिहिलेलं नव्हतं.

सव्वासहाच्या आधी जरा, पक्षीवाला हळूच म्हणाला, ‘हलू नका.’

पश्चिमेकडून एक हॅरिअर आला. मग दुसरा. ते उतरले नाहीत, गवतावर चकरा मारत राहिले. मग उत्तरेकडून तीन एकदम. राखाडी नर, तपकिरी माद्या, पाठीवर शेपटीपाशी पांढरा पट्टा. एक नर इतका फिकट की संधिप्रकाशात भुतासारखा दिसत होता. तो पॅलिड हॅरिअर, पक्षीवाल्याने सांगितलं, जवळजवळ श्वासातच. नऊ झाले. बारा. एक जण गवतात उतरे, लगेच उठे, दुसरीकडे बसे, जणू लग्नाच्या हॉलमध्ये गादी शोधणारे पाहुणे. अंधार पडेपर्यंत आम्ही सतरा मोजले. शेवटचा आमच्यापासून चाळीस पावलांवर उतरला. प्लॉट नंबर सांगत नाही, पण तो आमचा शेजारी झाला असता.

सेल्सवाला मुलगाही आमच्यामागे येऊन उभा होता. तो म्हणाला, ‘हे तर रोज असतात सर. लहानपणापासून बघतोय.’ मग थोडं थांबून, ‘पुढच्या महिन्यात जेसीबी लागणार आहे इथे.’

टोकन

परतीच्या वाटेवर यवतपर्यंत गाडीत रेडिओ चालू होता. मग नवऱ्याने तो बंद केला.

‘आपण नाही घेतला तर दुसरा कोणी तरी घेणारच आहे,’ तो म्हणाला.

कोणी काही बोललं नाही. कारण ते खरं होतं. पक्षीवाल्याकडून मला भाषणाची अपेक्षा होती, पण तो एवढंच म्हणाला की तुझ्या जागी मी असतो तर मलाही जड गेलं असतं. नागपूरकर झोपली होती किंवा तसं दाखवत होती. लोणीच्या सिग्नलला नवरा पुन्हा बोलला. ‘बाबांना काय सांगू? तिथे पक्षी झोपतात म्हणून नाही घेतला?’

रविवारी संध्याकाळी सेल्सवाल्या मुलाचा फोन आला. नवऱ्याने दोन वेळा वाजू दिला, तिसऱ्यांदा उचलला आणि म्हणाला, ‘एक आठवडा द्या.’ आठवडा मिळाला नाही. बुधवारी प्लॉट गेला.

दरम्यान पक्षीवाल्याने जागेच्या नोंदी आणि फोटो वनखात्याकडे पाठवले. पोच आली. जमीन खासगी आहे, परवानग्या रीतसर आहेत, त्यामुळे पुढे काय होईल याबद्दल तो फार बोलत नाही. फेब्रुवारीत आम्ही पुन्हा गेलो, या वेळी सासऱ्यांना घेऊन. फेज टूमध्ये रस्ता झाला होता आणि गवत नव्हतं. कुंपणाच्या बाहेर, ओढ्याच्या काठच्या पट्ट्यात संध्याकाळी सहा हॅरिअर उतरले. बाकीचे अकरा कुठे गेले, माहीत नाही. सासऱ्यांनी दुर्बीण घेतली आणि अंधार होईपर्यंत परत दिली नाही. मग नवऱ्याला विचारलं, ‘ही जमीन कोणाची?’ नवरा म्हणाला, ‘गायरान असावं.’ सासरे म्हणाले, ‘माती हलकी आहे. बाजरीसुद्धा धड यायची नाही.’ आणि पुन्हा दुर्बीण मागितली.

नवरा अजूनही महिन्यातून एकदा त्या रेटची आठवण काढतो. काढणारच.

जायचं झालं तर

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. पहाटे साडेपाचला पुणे सोडा, म्हणजे कोवळं ऊन माळावर मिळेल. मयूरेश्वर अभयारण्यात खाली उतरून चिंकाऱ्याच्या मागे धावू नका. गाडीच त्यांना कमी परकी वाटते. पुणे वनविभागाने २०२४ मध्ये इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडी आणि बारामती तालुक्यातल्या शिर्सुफळ इथे माळरान सफारी सुरू केली. लांडगा बघायची इच्छा असेल तर तिथे ऑनलाइन बुकिंग करून, सोबत मिळणाऱ्या गाइडबरोबर जा. स्वतःहून माळावर गाड्या घालून लांडग्याचा पाठलाग करणारे फोटोग्राफर हा वेगळाच ताप झालाय, त्यात भर नको. पाण्यावरचे शिकारी पक्षी बघायचे असतील तर सोलापूर रोडनेच पुढे भिगवणला जा. उजनीच्या पाण्यावर मासे पकडणारा कैकर थंडीत हमखास दिसतो, आणि फ्लेमिंगो बोनस.

दुर्बीण आठ बाय बेचाळीसची पुरते. पहिल्याच ट्रिपला विकत घेऊ नका, ऑफिसात तुमचाही एखादा पक्षीवाला असेलच, त्याची मागा. कपडे मातकट रंगाचे, डबा घरचा, पाणी भरपूर. हॅरिअरचा रात्रथारा सापडला तर दीडशे-दोनशे पावलं लांब बसा, टॉर्च मारू नका, आणि लोकेशन ग्रुपवर टाकू नका. निघताना वेळ सांभाळा. सातनंतर हडपसरचं काय होतं, ते तुम्हाला मी सांगायला नको.